जुलैची वाढ आणि जेल रोडचं घर

३० एप्रिल २०२४ ला आमचे हे तोपखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. चोवीस वर्षं नोकरी. त्या दिवशी आमच्याकडे काय होतं, तर नाव-नंबर रंगवलेल्या तीन काळ्या ट्रंका, बारावीत गेलेली मुलगी, सातवीतला मुलगा आणि क्वार्टर रिकामं करायची तारीख. घर नव्हतं. १३ नोव्हेंबरला, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, नाशिकरोडला जेल रोडच्या एका तिसऱ्या मजल्यावर दूध उतू घातलं. मधल्या साडेसहा महिन्यांत, आणि खरं तर त्याआधीच्या पंधरा वर्षांत, काय काय केलं ते लिहून ठेवते आहे. फौजी क्वार्टरच्या लाइनमधल्या दोघी-तिघींनी विचारलं होतं. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं.

सुरुवात २००९ ची. तेव्हा आम्ही यांच्या युनिटसोबत राजस्थानात होतो, मुलगी दोन वर्षांची. वेल्फेअरच्या एका कार्यक्रमानंतर चहा पिताना एका सुभेदार साहेबांच्या मिसेसनी, त्या साताऱ्याकडच्या, मला विचारलं, "फंडाला किती जातात गं तुमचे?" मला माहीतच नव्हतं. पगार यांच्या खात्यात, त्यातले घरखर्चाचे माझ्या हातात, बाकीचं काय होतं ते यांना ठाऊक. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "एक कर. जुलैची वाढ घरात येऊच द्यायची नाही."

फौजेत तेव्हा पगारवाढ जुलैत व्हायची. वाढलेला आकडा एकदा खर्चात मिसळला की तो परत वेगळा काढता येत नाही, दुधात पाणी मिसळावं तसं. म्हणून वाढ लागली की त्याच महिन्यात तेवढीच रक्कम फंडाच्या वर्गणीत वाढवायचा अर्ज द्यायचा. फंड म्हणजे ए.एफ.पी.पी. फंड, जवान आणि जेसीओंचा (म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार वगैरेंचा) भविष्य निर्वाह निधी. (अधिकाऱ्यांचा वेगळा असतो, डीएसओपी.) त्या वर्षी तीन हजारांपासून सुरुवात केली. नंतर दर जुलैत मी यांना पोस्टिंग जिथे असेल तिथे फोन करायची, "अर्ज दिला का?" हे म्हणायचे, इथे बर्फ पडतोय आणि तुला वर्गणी सुचते.

एक लांबट हिशेबाची वही केली. महिना, वर्गणी, व्याज, शिल्लक असे चार रकाने. वर्षाचं खातं उतरलं की त्यावरचा आकडा आणि माझा आकडा जुळवायचा. सुरुवातीला व्याज आठ टक्के होतं, २०१२ नंतर काही वर्षं पावणेनऊच्या घरात. एप्रिल २०२० पासून ते ७.१ वर आलं आणि तिथेच बसलं. वहीत त्या महिन्यापुढे मी एक काळा ठिपका काढला आहे.

सगळं सरळ गेलं असं नाही. २०१४ ला नणंदेच्या लग्नाला फंडातून दीड लाख काढले. लग्नाला नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. पण दीराच्या ट्रॅक्टरच्या वेळी मी नाही म्हणाले, आणि निफाडला आमच्या घरात दोन वर्षं माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. ते दीड लाख व्याजासकट आज किती झाले असते, याचं गणित मी एकदा केलं होतं. परत केलं नाही.

आता २०१९ ची गोष्ट, जी सांगायला अजून लाज वाटते. हे पंजाबात गेले आणि आम्ही देवळालीला एसएफ क्वार्टरमध्ये आलो, म्हणजे नवरा फील्डमध्ये असताना कुटुंबाला मिळतं ते. सिन्नर फाट्याच्या पुढे प्लॉट पडलेत, दोन दोन गुंठे, फौजींना हप्त्याने देतात, असं कानावर आलं. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दोन गुंठ्यांत बंगलीवजा घर, पुढे चार झाडं, मी तर पारिजातक कुठे लावायचा तेही ठरवलं होतं. यांना व्हिडिओ कॉलवर चुन्याच्या रेघा दाखवल्या. इसार म्हणून ५१ हजार दिले. कागद काय, तर नोटरी केलेला करारनामा. त्याच्यावर इतके शिक्के होते की मला तो खरेदीखतापेक्षा भारी वाटला.

माझे सिन्नरचे मामा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना सहज सातबारा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि पिकांच्या रकान्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "ताई, तुझ्या घराच्या जागी कांदा आहे."

जमीन शेतीची होती, बिनशेती झालेलीच नव्हती. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. शेतजमिनीचे असे दोन दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले तरी तेव्हा प्रत्येकाचा वेगळा सातबारा निघत नसे. फार तर पन्नास जणांची नावं एकाच उताऱ्यावर सामाईक. त्यावर बँक कर्ज देत नसे, बांधकामाला रीतसर परवानगी मिळत नसे. आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे मला वयाच्या पस्तिशीत कळलं. पैसे परत मागायला सात खेपा घातल्या, तीस हजार मिळाले. एकवीस हजार गेले. वहीत ते "कांदा" या नावाने लिहिलेले आहेत.

निवृत्तीची कागदपत्रं वर्षभर आधीच सुरू होतात. आमची एप्रिल २०२३ ला सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात अडकली. माझ्या आधारवर वैशालीचं इंग्रजी स्पेलिंग शेवटी एका आयने संपतं, आणि यांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये डबल ई. लग्नानंतर यांनीच घाईघाईत भरलेला फॉर्म, दोष कुणाला देणार? एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत, जोडफोटो, मग युनिटमधून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे बदलाची अधिकृत नोंद, मग ती रेकॉर्ड ऑफिसला नोंदली गेली का याची वाट. चार महिने. क्लार्क भला माणूस होता, फोनवर म्हणाला, "भाभीजी, अभी ठीक करा लो, बाद में फॅमिली पेन्शन में रोना पडेगा." खरं होतं. ज्यांची निवृत्ती अजून लांब आहे त्यांनी आजच रेकॉर्डमधलं बायकोचं नाव, मुलांच्या जन्मतारखा, आधार आणि पॅन एकाशेजारी एक ठेवून अक्षर न् अक्षर वाचावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

त्याच कागदांमध्ये एक मोठा निर्णय लपलेला असतो: पेन्शन किती विकायची. बोलीभाषेत विकायची म्हणतात, कागदावर कम्युटेशन. फौजेत निम्म्यापर्यंत विकता येते. आमचा हिशेब देते, म्हणजे तुम्हाला तुमचा करता येईल. यांचं शेवटचं मूळ वेतन ४४,९०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, एकूण ५०,१००. पेन्शन त्याच्या निम्मी, २५,०५०. त्यातली निम्मी विकली तर दरमहा १२,५२५ कमी होतात. त्याला बारानं गुणायचं आणि मग वयानुसार ठरलेल्या गुणकानं. चाळिशीच्या आसपास हा गुणक नऊच्या जवळ असतो. म्हणजे हातात साडेतेरा लाखांच्या आसपास. ही कपात पंधरा वर्षं चालते, मग पेन्शन पूर्ववत होते. पंधरा वर्षांत कापले जाणार साडेबावीस लाख.

यावरून आमचं भांडण झालं. मी म्हणत होते, कमी विका. यांचं म्हणणं, महागाई भत्ता पूर्ण २५,०५० वरच मिळतो, विकून उरलेल्यावर नाही. आणि माझं काही बरंवाईट झालं तर ही कपात तुझ्या फॅमिली पेन्शनमधून होत नाही. या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. तरी मला पटलं नव्हतं. शेवटी निम्मी विकली. एप्रिलमध्ये भत्ता ५० टक्के होता, म्हणजे आणखी १२,५२५. सगळं मिळून हातात परत २५,०५०. हा योगायोग बघून हे दिवसभर खूश होते.

मार्च २०२४ मध्ये पेन्शन ड्रिलसाठी, म्हणजे निवृत्तीचे कागद पूर्ण करायला, हे नाशिकरोडला आर्टिलरी सेंटरला आले. ज्या मैदानावर रंगरूट म्हणून पळाले त्याच मैदानाशेजारी बसून फॉर्म भरले. रोज संध्याकाळी घरी येऊन मला एकेका कागदाचं नाव सांगायचे: स्पर्शसाठी मोबाइल आणि ईमेल, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या उपचारांच्या योजनेचं) कार्ड, डिस्चार्ज बुक. स्पर्श ही पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था, तिचा लॉगिन मी वहीच्या मागच्या पानावर लिहिला. (लिहू नये म्हणतात. पण यांच्या लक्षात राहत नाही आणि वही माझ्या कपाटात असते.)

पैसे एकदम आले नाहीत, पण मे आणि जूनमध्ये मिळून आले. फंडाचे १६ लाख ८० हजार. माझ्या वहीत ११२ रुपये जास्त होते, कुठे चुकले ते अजून सापडलेलं नाही. ग्रॅच्युइटी नऊ लाखांच्या जवळपास. शिल्लक रजेचे सव्वापाच लाख. रजा जास्तीत जास्त तीनशे दिवसांची रोखीत मिळते, यांची २१० भरली, कारण मुलांच्या आजारपणांत आणि गावच्या कामांत रजा वापरली होती. कम्युटेशनचे साडेतेरा. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे आले ते त्याच दिवशी मुलीच्या इंजिनिअरिंगच्या नावाने वेगळे ठेवले, त्यांचा आकडा मी यांच्यासमोरसुद्धा बोलत नाही.

आणि मग माणसं आली. फौजी निवृत्त झाला हे गावात पेन्शनच्या आधी पोचतं. विम्यावाला, चिटफंडवाला, ढाबा काढू म्हणणारा मित्र, द्राक्षबागेत भागीदारी देणारे पाहुणे. सगळे चहाला थांबतात. आम्ही एक ठरवलं होतं, कुणी काही विचारलं की एकमेकांचं नाव पुढे करायचं. हे म्हणायचे "तिला विचारतो", मी म्हणायची "यांना विचारते". जून अशाच चहांत गेला.

क्वार्टर सोडून जेल रोडला नऊ हजार भाड्याने दोन खोल्या घेतल्या, तीस हजार डिपॉझिट. मुलांच्या शाळा-कॉलेजसाठी नाशिकरोड सोडायचं नव्हतं. घर शोधायला दोघं स्कूटरवर जायचो, उपनगर, विहितगाव, चेहेडी, एकदा पार पाथर्डी फाट्यापर्यंत. प्रत्येक एजंटचं पहिलं वाक्य एकच, "सिंहस्थ येतोय वहिनी, भाव वाढणार." कुंभमेळा बारा वर्षांनी येतो, एजंट रोज येतो.

नवीन बांधकामं पाहिली ती थोडक्यात सांगते. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर प्रकल्पाचा क्रमांक टाकून पाहता येतो, तेव्हा नाशिकचे क्रमांक पी ५१६ ने सुरू व्हायचे. ताबा कधी द्यायचा होता आणि तारीख किती वेळा पुढे गेली ते तिथे दिसतं. एका ठिकाणी बुकिंगलाच वीस टक्के मागितले. नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, असं मी म्हटल्यावर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळेच देतात." आम्ही दिले नाहीत. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. परवडणाऱ्या गटातल्या घराला एक टक्का, बाकीच्यांना पाच. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा जुन्या घराला तो लागत नाही. भाडं भरत दोन वर्षं वाट बघायची ताकद आमच्यात नव्हती, म्हणून जुनं घर शोधलं.

ऑगस्टमध्ये मिळालं. सात वर्षं जुनी इमारत, तिसरा मजला, दोन बेडरूम, लिफ्ट आहे, पूर्वेला गॅलरी. मालक पुण्याला बदली होऊन गेलेले. ३६ सांगितले, ३४ लाखांवर आले. एजंटला पंचवीस हजार. आवडलं का, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून रेल्वेची शिट्टी ऐकू येते. यांना चोवीस वर्षं प्रत्येक रजा नाशिकरोड स्टेशनवर संपायची. मला वाटलं तो आवाज नको वाटेल. हे म्हणाले, "आता ती दुसऱ्यांना घेऊन जाईल."

वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा सर्च काढला, साडेसात हजार. नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, १९७० च्या कायद्याखालच्या. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं. इमारतीचं डीड ऑफ डिक्लेरेशन नोंदलेलं आहे का, पूर्णत्वाच्या दाखल्यात आपला मजला आहे का, हे वकिलाने पाहिलं. मी समोर बसून प्रत्येक पान पाहिलं, विशेषतः जमीन बिनशेती असल्याचा आदेश. कांद्याने शहाणं केलं होतं.

अडचण एकच होती, मालकांचं घरकर्ज अजून ९ लाख ४० हजार शिल्लक होतं आणि मूळ कागद त्यांच्या बँकेत. एजंट म्हणाला, रोख द्या, ते फेडतील. वकील म्हणाले, आधी नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार), मग थेट त्यांच्या कर्जखात्याच्या नावाने डिमांड ड्राफ्ट, मालकांच्या हातात एक रुपया नाही. तसंच केलं.

पैशांची मांडणी अशी: फंडाचे १६.८० आणि रजेचे सव्वापाच मिळून बावीस लाख आमचे, बारा लाख कर्ज. सगळे रोखीने का नाही दिले, असं दीरांनी विचारलं. यांचं वय ४३, पुढे दोन शिक्षणं, एक म्हातारी आई. सगळा पैसा भिंतीत घातला तर आजारपणात भिंत विकता येत नाही. कम्युटेशनचे साडेतेरा पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या नावे ठेवले, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ८,३२५ येतात. कर्ज पावणेनऊ टक्क्यांचं, दहा वर्षं, हप्ता पंधरा हजारांच्या थोडा वर. हिशेबी माणूस म्हणेल, पोस्टातले काढून कर्ज फेडा. बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो, त्यामुळे तो दरवाजा उघडा आहे. तूर्त मला झोप लागते.

कर्जासाठी पहिल्या बँकेने आम्हाला पाच आठवडे झुलवलं. नुसत्या पेन्शनवर एवढं मिळणार नाही, असं शेवटी सांगितलं, ते पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. ऑगस्टमध्ये यांना महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळातर्फे, म्हणजे मेस्कोतर्फे, सुरक्षारक्षकाची नोकरी लागली. ते पत्र आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, घेऊन दुसऱ्या बँकेत गेलो, जिथे पेन्शन जमा होते तिथेच. तीन आठवड्यांत मंजूर. आधी तिथेच जायला हवं होतं. पाच आठवडे म्हणजे एक भाडं आणि वर.

इथे एक टक्का गेला तोही सांगते. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ३४ लाखांवर ३४ हजार. मी मनात त्याचे पंखे आणि पडदे घेऊन टाकले होते. पण कर्जदार हे, म्हणून बँकेला दस्तात यांचं नाव हवं होतं, आणि पुरुषाचं नाव जोडीला आलं की सवलत नाही. शेवटी दोघांच्या नावाने, पूर्ण सहा टक्के, २ लाख ४ हजार. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल तीस हजार, म्हणून तीसच. हे ग्रॅच्युइटीतून. बँकेची प्रक्रिया, मूल्यांकन, त्यांचा वकील, गहाणाचं शुल्क वगैरे बारीकसारीक मिळून आणखी एकतीस हजार झाले. हा आकडा आधी कुणी सांगत नाही, त्यामुळे तो बाजूला ठेवाच.

साठेखताची तारीख २३ सप्टेंबर मिळाली. पितृपक्ष. सासूबाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "दुसरा दिवस नव्हता?" नव्हता. पण त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात शुकशुकाट होता. अकराला गेलो, दोन साक्षीदार, आधार, पॅन, फोटो, अंगठे, आणि सव्वाबाराला इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात. यांचा उजवा अंगठा मशीनला तीनदा लागला नाही, चोवीस वर्षं तोफेला तेल देऊन रेषा गेल्यात. मालकांच्या वडिलांनी बाहेर आम्हाला उसाचा रस पाजला. खरेदीखत मात्र २८ ऑक्टोबरला, वसुबारसेला झालं. सगळ्या नाशिकला त्याच दिवशी घर घ्यायचं होतं. अकराला टोकन, संध्याकाळी सहाला सही. मुख्य शुल्क साठेखताला भरलेलं असल्याने त्या दिवशी खर्च नाममात्र झाला, वडापाव धरून.

मधले दिवस मालकांच्या बँकेतून मूळ कागद यायची वाट बघण्यात गेले. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत कागद परत द्यायचे, नाहीतर बँकेने दिवसाला पाच हजार भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. मालकांनी तो छापून अर्जाला जोडला. सत्ताविसाव्या दिवशी कागद आले.

घर झाल्यावर दोन कामं राहिली होती. महावितरणचं मीटर नावावर करणं सोपं गेलं. घरपट्टीचं सांगते, कारण शेजारच्या माजी सैनिकालाही माहीत नव्हतं. माजी सैनिकांच्या एका घराला घरपट्टीतून सूट देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून दाखला घ्यायचा, डिस्चार्ज बुकाची प्रत, इंडेक्स टू, आणि दुसऱ्या कुठल्या घराला ही सूट घेत नाही असं लिहून द्यायचं. डिसेंबरात अर्ज दिला, मार्चमध्ये झालं. पाणीपट्टी भरावी लागतेच. दोघांच्या नावाने घर घेतल्याचा राग इथे थोडा शमला, कारण अर्ज सरळ यांच्याच नावाने गेला.

सासूबाई पाडव्याला आल्या. सगळ्या खोल्या फिरल्या, गॅलरीतल्या कुंडीपाशी थांबल्या. पारिजातक कुंडीत नीट वाढत नाही, असं त्या म्हणाल्या. वाढत नाहीये हे खरंच आहे.

दीरांचा थोरला, माझा पुतण्या, जानेवारी २०२३ च्या पहिल्या तुकडीत अग्निवीर म्हणून लागला. त्याला पेन्शन नाही, म्हणजे विकायलाही काही नाही. चार वर्षांत त्याच्या पगारातून ३० टक्के सेवानिधीला जातात, सरकार तेवढेच घालतं. दोन्ही मिळून १० लाख ४ हजार आणि वर व्याज. पंचवार्षिकसुद्धा नाही, चारच वर्षं. २०२५ च्या उन्हाळ्यात रजेवर आला तेव्हा ट्रॅक्टरवाले दीरच त्याला माझ्याकडे घेऊन आले आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहिले.

त्याला विचारलं, हातात किती येतात? पहिल्या वर्षी २१,०००, दुसऱ्या वर्षी २३,१००, तिसऱ्या वर्षी २५,५५०. "म्हणजे वाढ किती?" तो मोबाइलवर आकडेमोड करायला लागला. मी वही उघडून २००९ चं पान दाखवलं. सेवानिधी संपताना एकदम मिळेल आणि त्या दिवशी चहाला माणसं येतील, ते वेगळं. पण ही वरची वाढ त्याच्या हातात आत्ता येते आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पोस्टात गेलो. पाच वर्षांचं आवर्ती ठेव खातं, ६.७ टक्के, दरमहा साडेचार हजार, म्हणजे दोन्ही वर्षांची वाढ जवळजवळ सगळीच. फॉर्म त्याने भरला. वारसाच्या रकान्यात आईचं नाव इंग्रजीत लिहिलं आणि खिडकीत द्यायला निघाला. मी फॉर्म परत घेतला, त्याला त्याच्या मोबाइलवर आईच्या आधारचा फोटो उघडायला लावला, आणि तिथेच उभं राहून दोघांनी एकेक अक्षर वाचलं.